संध्याकाळचा संगीत वर्ग, देवगड : वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा उघडल्या. वाचनालयाची मागची खोली आपल्याला आठवड्यातून चार दिवस मिळाली, संध्याकाळी साडेपाच ते सात. भाडं नाही, विजेचा वाटा तेवढा द्यायचा. बुधवारी त्यांची बैठक असते, म्हणून सोम, मंगळ, गुरू, शुक्र असं ठरलं.

सामान मोजलं. दोन पेट्या (एक माझी, संगीत विशारद परीक्षेच्या वर्षी घेतलेली, दुसरी भजनी मंडळाने दिलेली), एक तबला-डग्गा, एक ढोलकी, झांजांचे सहा जोड. मंडळाची पेटी उघडली तर तीन पट्ट्या दमट हवेने फुगून अडकलेल्या आणि मधल्या सप्तकातला कोमल निषाद मुका. सुरांवर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पात्यांवर, हिरवट थर धरला होता. खाऱ्या वाऱ्यात हे होणारच. सूर घासायचा मोह आवरला. टोकाशी घासला की स्वर चढतो, बुडाशी घासला की उतरतो आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. मऊ ब्रशने झाडून घेतला, तेव्हा बोलला. पट्ट्यांखालच्या बनातीला कसर लागली आहे, तिथे कापूर ठेवला.

वर्ग मोफत आहे, सहा ते चौदा वयाच्या कोणत्याही मुलासाठी. बाजारपेठेत, शाळांच्या फाटकांवर आणि एस. टी. स्टँडवर कागद लावले. या वहीत मुलांची नावं लिहिणार नाही. मुलं लहान आहेत आणि पुढे ही वही कोणाच्या हातात जाईल ते मला माहीत नाही.

१८ जून, मंगळवार

पहिल्या दिवशी तेवीस मुलं. पेटीला हात लावू दिला नाही. आधी टाळी, मग पाय, मग आवाज, या क्रमाने गेले. सहा मात्रांचा दादरा ताल बोलून घेतला: धा धी ना, धा ती ना. सगळी खोली एकदम 'धा'वर उतरली तेव्हा छपरावरचा पाऊससुद्धा ऐकू येईना.

सूर काळी चारचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा, धरला. इथले बुवा भजनाला आपल्या गळ्याच्या पट्टीत पेटी धरतात आणि मुलं त्यात एक तर किंचाळतात नाहीतर पुटपुटतात. लहान गळा काळी चार-पाचला मोकळा असतो.

४ जुलै, गुरुवार

आज हजेरीपट घेऊन बसले. सव्वीस नावं झाली आहेत, आणि प्रत्येक नावापुढे आईवडील काय करतात ते पेन्सिलने लिहिलं. बँक, शाळा, दवाखाना, दुकान, तहसील, पुन्हा दुकान. बंदरावरची दोन मुलं. आंब्याच्या बागांतलं एकही नाही. चिरेखाणीवरचं एकही नाही. मोहल्ल्यातली एक मुलगी, तीही शिक्षकाची.

वर्ग कोणासाठी काढला आणि आलं कोण? आलेल्या मुलांचा यात काही दोष नाही, ती गुणी आहेत. पण त्यातल्या निम्म्यांना घरचे पैसे देऊन शिकवू शकतात.

रात्री व्हेनेझुएलाबद्दल पुन्हा वाचलं. होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली काराकासमधल्या एका गॅरेजात अकरा पोरांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला आणि पुढे देशभर केंद्रं झाली. जगातल्या अनेक मोफत संगीत वर्गांनी त्यांचाच कित्ता गिरवला. गोव्यातही २००९ पासून 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' गरीब मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवतं. पण आज मला वेगळी गोष्ट खुपली. २०१२-१३ मध्ये व्हेनेझुएलातल्या सोळा केंद्रांवर २,९१४ मुलांचा मोठा अभ्यास झाला. वर्गाला आलेल्या मुलांमधलं गरिबीचं प्रमाण १६.७ टक्के निघालं. ती मुलं ज्या प्रांतांत राहत होती तिथलं प्रमाण होतं ४६.५ टक्के. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांचा अनुभव, सरकारचा पैसा, मोफत वाद्यं एवढं सगळं असूनही सगळ्यात गरीब मूल दाराबाहेरच राहिलं होतं.

मोफत असणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा सगळा जीव पहिलीवरच खर्च झाला.

९ जुलै, मंगळवार

सकाळी बंदरावर गेले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ट्रॉलर किनाऱ्याला, वरून निळं प्लास्टिक बांधलेले. पुरुष पडवीत बसून जाळी शिवत होते. नेपाळी खलाशी गावी गेलेले, ते ऑगस्टमध्ये येतील.

एका काकीला वर्गाचं सांगितलं. ती म्हणाली, "फुकट हा? मग कायतरी खोट आसतली." मी म्हटलं, खोट काही नाही, पैसे लोकांनी दिलेत. तिने मान हलवली, पण बोलली नाही.

पुढच्या घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. ती दारातच म्हणाली, "बाय, तुमचो कागद बघलंय मी. पण ह्येका कोण बघतला?" तिने कागद वाचला होता, तिला यायचंही होतं. आई कोळंबी सोलायला जाते, बाबा बोटीवर. संध्याकाळी साडेपाच ते सात हा वेळ तिच्या आयुष्यात रिकामा नाहीच.

मी म्हटलं, "त्येका घेवन ये." तिला खरं वाटेना.

११ जुलै, गुरुवार

ती आली, भावाला घेऊन. तो अर्धा तास झांज चावत बसला, मग रांगत तबल्यापाशी गेला आणि डग्ग्यावर दोन्ही हात आपटले. बाजारपेठेतल्या एका आईने मला नंतर बाजूला घेऊन विचारलं की असं चाललं तर मुलं शिकणार कशी. मी तिला सांगितलं, धाकटी भावंडं येणार. ती नसतील तर त्यांच्या ताया येणार नाहीत. कोपऱ्यात एक गोधडी अंथरायची, दर दिवशी एका मोठ्या मुलाने किंवा पालकाने पाळीपाळीने तिथे बसायचं. पहिली पाळी त्याच आईने घेतली, याचं मला बरं वाटलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. लगेच बंदरावरची सात मुलं चारवर आली. बोट लागते संध्याकाळी, लिलाव होतो, टोपल्या उचलायच्या, बर्फ फोडायचा. आपला वर्ग नेमका त्याच वेळी.

बंदरावरच्या बायकांना रविवार सकाळ चालेल का विचारलं. हसल्या सगळ्या. रविवारीच तर गिऱ्हाईक. शेवटी काकी (खोट असेल म्हणाली होती तीच) म्हणाली, "रातचे आठ झाले की आमी मोकळी. तुमी हय येवा."

तर सोमवार आणि शुक्रवार बंदरावर, रात्री आठ ते नऊ. जागेचा प्रश्न आला. कोणीतरी देवळाचा सभामंडप सुचवला, मोकळा आहे, दिवे आहेत. पण मोहल्ल्यातल्या मुली तिथे येणार नाहीत आणि मशिदीजवळच्या ओट्यावर बाकीचे येणार नाहीत. कोणालाच आपण पाहुणे आहोत असं वाटू नये अशी जागा हवी होती. मच्छीमारांच्या जुन्या गोदामाचा ओटा मिळाला. खालून डिझेलचा आणि सुक्या सोड्यांचा वास येतो, पण जागा सगळ्यांची आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. वर्ग नाही. मोहल्ल्यातल्या नानींकडे गेले होते. त्यांची नात गोदामाच्या ओट्यापर्यंत येऊन लांब उभी राहते, हे मी दोनदा पाहिलं होतं. नानींनी चहा दिला आणि सरळ सांगितलं की आमच्या घरी वाद्य वाजवत नाहीत, मुलीने गायला हरकत नाही. ती घरी नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, म्हणते.

मी वाद घातला नाही, घालायचा नव्हताही. वर्गात गळा आणि टाळी या दोन्ही गोष्टी वाद्याइतक्याच मोलाच्या आहेत. तिला लय धरण्याचं काम दिलं. तिची टाळी घड्याळासारखी आहे. ढोलकीवाला पळायला लागला की ती नुसती त्याच्याकडे बघते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत वर्ग बंद, म्हणजे पोरं घरोघरच्या भजनात. काल गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. परवा रात्री एका घरी भजन ऐकायला बसले. बुवा पेटीवर, पखवाज, आणि झांजेवर आपल्या वर्गातला नेपाळी मुलगा. खलाशाचा भाचा आहे, चौदा वर्षांचा, ऑगस्टमध्ये मामाबरोबर आला. बंदरावर सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात, सगळ्याच नेपाळ्यांना म्हणतात. आमच्या हजेरीपटावर त्याचं खरं नाव आहे आणि आम्ही त्याच नावाने हाक मारतो. परवा बुवांनी गजर संपल्यावर त्याला त्या नावाने हाक मारून मोदक दिला.

अभंगाचे शब्द त्याला कळत नव्हते. पण गजरात लय दुप्पट झाली तेव्हा तो कुठेही अडखळला नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली, बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आली. दशैं आणि तिहार गावी करून ती निघतात आणि आंबा उतरेपर्यंत, म्हणजे मे-जूनपर्यंत इथे असतात. कलमांखाली पत्र्याची खोपी, दिवसा माकडं, रात्री राखण.

आज पहिल्यांदा बागेत गेले. जामसंड्याच्या पुढे, सड्यावर, गावापासून साडेतीन किलोमीटर. शेवटची एस. टी. सहाला. अंधार पडला की वाटेत बिबट्याची भीती, आणि ती उगाच नाही, गेल्या महिन्यात त्या बागेतला कुत्रा गेला. ही मुलं संध्याकाळच्या वर्गाला येणं शक्यच नाही.

एक मुलगी दहा वर्षांची, तिचा भाऊ सातचा. मी भावाला हिंदीत विचारलं, पेटी माहीत आहे का? तो धावत जाऊन आंब्याची लाकडी पेटी घेऊन आला, गेल्या हंगामातली, आणि उलटी करून त्यावर वाजवायला लागला. मी माझी पेटी उघडली, भाता ओढला, सा धरला. मुलाने हात मागे घेतला. बहीण पुढे आली.

मग मी तो प्रश्न विचारला जो आधी विचारायला हवा होता. शाळेत कुठल्या वर्गात? ती म्हणाली, नाही. गावी दुसरीत होती. इथे नाही.

आमच्या वर्गाचं कागदावरचं नाव 'शाळा सुटल्यानंतरचा संगीत वर्ग' आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

गुरुवारचा वाचनालयातला वर्ग आता बाजारपेठेतली दोन मोठी मुलं घेतात, अलंकार आणि ताल उजळणी. मी दुपारी तीनला बागेत जाते. तिथे तीन बागांतली नऊ मुलं जमतात.

आज प्रत्येकाने घरचं एक गाणं म्हणायचं होतं. मुलीने आईकडून शिकलेलं म्हटलं. मोजलं तर सहा मात्रा, म्हणजे आपला दादरा. मी तीन-तीन अशी टाळी धरली तर ती थांबली आणि मान हलवून नाही म्हणाली. मग तिने स्वतः टाळी दाखवली. ती सहाचे दोन-दोनचे तीन तुकडे करत होती आणि मध्येच तीन-तीनवर यायची. झ्याउरे या नेपाळी लोकतालाची ही चाल आहे, तिच्या बापाने आंब्याच्या पेटीवर मादलचे, म्हणजे त्यांच्या ढोलाचे, बोल वाजवून दाखवले. मला ते पकडायला पंधरा मिनिटं लागली. मुलांना मजा वाटली की बाईंना येत नाही. आजच्या दिवसापुरती ती शिकवणारी होती, आणि त्यानंतरचा तिचा आवाज वेगळा होता, मोठा, सरळ समोर बघणारा.

१२ डिसेंबर, गुरुवार

चिरेखाणीवर. विजापूरकडचे लमाणी लोक आहेत, घरात त्यांची गोरबोली, बाहेर कानडी, मुकादमाशी हिंदी. मुलं डोक्यापासून पायापर्यंत जांभ्याच्या धुळीने लाल. धुळीत पेटी नेली नाही, सूर गेले असते. नुसता गळा आणि झांजा.

इथल्या मुलींनी दिवाळीतल्या 'मेरा'ची गाणी म्हटली. दिवे घेऊन मुली तांड्यातल्या घरोघरी जातात तेव्हा म्हणतात ती. यंदाची दिवाळी त्यांनी खाणीवरच केली, पाच झोपड्यांत. एक आई लांब बसून ऐकत होती, कडवं चुकलं तेव्हा तिथूनच तिने ते सावरलं.

खाणीवर आठवड्याला जाणं झेपणार नाही. पंधरवड्यातून एकदा. हे मला पुरेसं वाटत नाही, पण जमेल तेवढंच कबूल करायचं. मुलं वाट बघतात आणि आपण जात नाही, हे सगळ्यात वाईट.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बागेतल्या पाच मुलांची नावं जवळच्या शाळेत लागली. यात महिना गेला. आधी एका ठिकाणी दाखला मागितला, मग जन्माचा पुरावा, मग "मेमध्ये जाणारच आहेत ना" असं सांगून परत पाठवलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं. कायद्याची छापील प्रत घेऊन गेले. दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी ती बघितलीही नाही, म्हणाले, "बाई, मुलं घेऊन या उद्या."

संगीताच्या नोंदवहीत हे का लिहायचं, असं कोणी विचारेल. ती मुलं मला दिसली ती पेटीमुळे. पेटी घेऊन गेले नसते तर मीही त्या बागेवरून वीस वर्षं एस. टी.तून जातच होते.

मुलगी तिसरीत बसते आहे. वयाप्रमाणे पाचवीत हवी, पण मराठी अक्षरओळख होईपर्यंत तिनेच मागितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

देणगीदारांपैकी एकांशी लांब बोलणं झालं. ते भले गृहस्थ आहेत, दोन तबले त्यांच्या पैशांनी आले. त्यांचं म्हणणं, वर्षअखेरीस 'प्रारंभिक'ला, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेला, किती मुलं बसवणार तो आकडा द्या. आणि गाण्याने गणितात गुण वाढतात ना?

दुसऱ्याचं उत्तर आधी दिलं. लॉस एंजेलिसमध्ये २०१२ पासून मेंदू-अभ्यासकांनी तिथल्या मोफत युवा वाद्यवृंदातली सहा-सात वर्षांची मुलं घेऊन काही वर्षं पाहणी केली. संगीत शिकणाऱ्या मुलांच्या मेंदूतली आवाज समजून घेणारी वाट इतर मुलांपेक्षा लवकर पक्व होताना दिसली. आवाजातला बारीक फरक लवकर ओळखता येणं ही भाषा शिकणाऱ्या मुलाला मोठी गोष्ट आहे. पण गणिताचे गुण वाढतील असं वचन मी देणार नाही. आणि गुण वाढले नाहीत तर गाणं बंद करायचं का?

परीक्षेचं म्हणाल तर मी स्वतः त्याच वाटेने आले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. घराण्यांच्या दारातून गाणं बाहेर काढून वर्गात आणलं, त्यातूनच पुढे आमच्या परीक्षा आल्या. त्यांचं ऋण मी मानते. पण आज परीक्षेला बसवायचं तर बाजारपेठेतली मुलं बसतील. बागेतली मेमध्ये जाणार, खाणीवरची कधी हलतील सांगता येत नाही. परीक्षेचा आकडा दाखवायचा ठरला की माझं लक्ष आपोआप आकडा देणाऱ्या मुलांकडे वळेल. मला माझी ही खोड माहीत आहे. जूनमध्ये तेच झालं होतं.

त्यांना म्हटलं, यंदा मी तुम्हाला दुसरा आकडा देते: कोणत्या वस्तीतली किती मुलं आली आणि किती टिकली. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, तोही पाठवा.

१६ फेब्रुवारी, रविवार

गोदामाच्या ओट्यावर पहिला कार्यक्रम. रात्री साडेआठला, बोटी लागून लिलाव उरकल्यावर. बागांतली मुलं आणायला टेम्पो केला, खाणीवरच्यांना मुकादमाने ट्रॅक्टरमधून आणलं.

एकल गाणं कोणाचंच ठेवलं नव्हतं. सगळी मिळून एकेकाच्या घरचं गाणं म्हणणार. लमाणी गाण्याला बंदरावरची मुलं कोरस, झ्याउरेला मोहल्ल्यातल्या मुलीची टाळी (दोन-दोन, तीन-तीन, एकदाही न चुकता), कोकणातल्या जाखडी नाचाच्या चालीला खाणीवरच्या मुलांचे पाय. मंडळाच्या बुवांनी पेटी धरली, आणि पट्टी मुलांची घेतली, काळी चार. बुवा आपल्या पट्टीवरून हलत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

चुकाही झाल्या. दुसऱ्या गाण्यात लय इतकी चढली की शेवटचं कडवं पळतच संपलं. डग्गा दमट हवेने उतरला, हातोडीने ठोकून चढवेपर्यंत पाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात धाकटी मुलं ओट्याखाली खेळायला पळाली. पुढच्या वेळी दोन डग्गे.

दीड वर्षाचा भाऊ आता दोन वर्षांचा झाला. तो ताईचं गाणं संपेपर्यंत तिच्या पायाला धरून उभा होता. त्यांची आई सोलायचं काम लवकर सोडून आली होती, हातांना कोळंबीचा वास, ते ती पदराखाली लपवत होती. मी तिचे हात हातात घेतले.

२० मार्च, गुरुवार

यंदा शिमगा रमजानच्या महिन्यातच आला. पालखीच्या दिवसांत बंदरावरचा वर्ग जवळजवळ रिकामा. मोहल्ल्यातल्या तीन मुलींचे रोजे, रात्री आठला तरावीहच्या नमाजाची घाई. म्हणून पाच दिवस वेळ बदलली: त्यांच्यासाठी दुपारी चार, फक्त बसून ऐकणं आणि स्वरलेखन. उपवासात गळ्यावर ताण नको. त्या दिवसांत त्यांनी लिहायला शिकून घेतलं, मात्रांच्या चौकटी आखून. बाकीची मुलं आता त्यांच्या वह्या मागतात.

१७ एप्रिल, गुरुवार

आंबा. सगळ्या बागा घळाने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, आंबे उतरवण्यात गुंतल्या आहेत. मुलं आडी लावायला (आंबे पिकत रचायला), पेंढा पसरायला, पेट्या भरायला. शाळेतली हजेरी पडली, वर्गाचीही. बागायतदाराशी बोलले. म्हणाले, हंगाम पन्नास दिवसांचा असतो, बाई. ते खरं आहे. पण सात वर्षांचं मूल पेटी भरण्यासाठी नाही, हेही खरं आहे, आणि ते मी त्यांना त्याच स्वरात सांगितलं. दुपारी तीन ते चार मुलं सोडायची असं ठरलं. (नंतर लिहिते: चार गुरुवारांपैकी तीन पाळले गेले.)

२६ मे, सोमवार

पाऊस यंदा फार लवकर आला. वीस तारखेपासून झोडपतोय, आणि काल मोसमी वारे देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. झाडावरचा उरलेला आंबा गेला. कुटुंबं ठरल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी निघाली.

बावीसला मी बागेत पोचले तेव्हा बोचकी बांधून झाली होती. कणकवलीहून मुंबई, तिथून गोरखपूर, मग सुनौलीची नेपाळ सीमा ओलांडून आणखी एक दिवस. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन केला होता, त्यांनी सुट्टीत शाळा उघडून पाच मुलांचे दाखले लिहून दिले होते. मुलीने तो कागद दोनदा वाचला, आता तिला मराठी वाचता येतं. मग विचारलं, यात गाण्याचं कुठे आहे?

नव्हतं. माझ्या वहीतलं पान फाडलं आणि तिथेच, आंब्याच्या पेटीवर ठेवून, देवनागरीत लिहिलं, तिच्या गावीही हीच लिपी आहे:

"हिला दादरा आणि केरवा हातावर येतो. सात स्वर काळी चारमध्ये पक्के, कोमल गंधार अजून हलतो. चार भाषांतली अकरा गाणी पाठ आहेत. झ्याउरे तिने आम्हाला शिकवला. पुढच्या शिक्षकांनी इथून सुरुवात करावी."

तिने ते घडी करून दाखल्याच्या आत ठेवलं. बापाने दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर दोरा बांधला.